डावा अंगठा

१

हिंगणघाटच्या बाहेर, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला लागून एक जुना जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, आहे. जिनिंग बंद पडून पुष्कळ वर्षं झाली, तरी पत्र्याखालच्या कैच्यांना अजून कापसाचे पुंजके लोंबतात आणि दमट हवेत सरकीचा वास सुटतो. आता तिथे परत आलेला माल येतो. फवारणीचे पंप, पाण्याच्या मोटारी, कडबा कापायच्या कुट्ट्या. कोणाच्या जळालेल्या, कोणाच्या अडकलेल्या, तर कोणाच्या नुसत्याच नावडत्या झालेल्या. कंपनी गावोगावी विकते आणि गावोगावचं नकोसं झालेलं गाडी भरून इथे आणते. इथे खोकं फोडायचं, यंत्र चालवून बघायचं आणि त्याच्या कपाळी तीनपैकी एक चिठ्ठी डकवायची. हिरवी म्हणजे तसंच विका. पिवळी म्हणजे दुरुस्त करून विका. लाल म्हणजे भंगार.

हे नशीब ठरवायचं काम मुकेशकडे होतं. मुकेश शेतकऱ्याचाच पोरगा, वणा नदीच्या पलीकडे त्यांची वांग्या-टमाट्याची वाडी. पण हातात कसब असं की मेलेली मोटर त्याने हातात घेऊन दोनदा फिरवली की ती खाकरून उठायची. त्याची एक खोड होती. धडधाकट यंत्र तो कधी धडधाकट राहू द्यायचा नाही. एखादं चांगलं आलं की ते सोलायचं, त्याचे भाग तीन आजारी यंत्रांना लावायचे आणि एकाच्या जागी तीन उभी करायची. मालक खूश, मुकेश त्याहून खूश. कुठला भाग कुठे गेला हे ओळखू यावं म्हणून लावलेल्या प्रत्येक भागावर तो बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा. "नखं रंगवाले आणली होती मी, नटबोल्ट रंगवाले नाई," असं गोपिका म्हणायची आणि पुढच्या बाजारातून मुकाट दुसरी बाटली आणायची.

जोडीला कैलास होता. पन्नाशीचा, तोंडाचा फटकळ, मनाचा मऊ. सांधे दुखतात म्हणून त्याने उजव्या हाताच्या बोटात तांब्याचं वेढं घातलं होतं. सांधे दुखायचे थांबले नाहीत आणि बोट सुजल्यामुळे वेढंही आता निघत नव्हतं. दिवसभर त्याच्या हातोडीबरोबर त्या वेढ्याचा टिणटिण आवाज यायचा आणि मुकेशला त्याची इतकी सवय होती की कैलास रजेवर असला म्हणजे गोडाऊन सुनं वाटायचं.

२

ती कुट्टी जानेवारीतल्या एका सोमवारी आली. चंदन, म्हणजे गावोगावहून माल उचलून आणणारा ड्रायव्हर, तिला गाडीतून उतरवताना म्हणाला, "मुकेशभाऊ, हे पाहा. नवी नवरी आहे."

खोटं नव्हतं. लोखंड लखलखत होतं. कुट्टी म्हणजे तसं साधं यंत्र. एका बाजूला मोटर, मधे मोठं चाक, चाकाच्या आऱ्यांना दोन पाती; आणि पुढे तोंड, ज्यात कडब्याची पेंढी सारायची. तोंडाच्या आत दोन दातेरी रोलर असतात, ते पेंढी आत ओढतात. परत येणारी कुट्टी नेहमी शेणाने, चाऱ्याने, मातीने बरबटलेली असते. ही मात्र कोणीतरी राखेने घासून, वर साबणाने धुऊन पाठवली होती. दात्यांच्या फटीसुद्धा काडी घालून कोरल्या होत्या. परत द्यायच्या वस्तूला इतकं कोण घासतं, असा विचार मुकेशच्या मनात आला आणि गेला.

पावतीवर नाव होतं शोभाबाई, गाव केळझरच्या बाजूचं. कारणाच्या रकान्यात चंदनच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: चालू आहे. गरज उरली नाही.

"गरज उरली नाई म्हंजे? ढोरं इकली का?"

"ढोरं होती ना दावणीले. तीन. मी इचारलं तर म्हणे एवढंच लिव. आन् साडेचारच्या आत घेऊन जा म्हणे."

तेवढ्यात प्रभाकरराव आले. हे गोडाऊनचे साहेब. निवृत्तीआधी रजिस्ट्री ऑफिसात बायका-माणसांचे अंगठे घेण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि कागद हातात आला की त्यांची नजर आधी खाली, अंगठ्यावर जायची. कंपनीच्या पावतीवर दोन चौकोन छापलेले असत, डावा आणि उजवा. त्यांनी चष्मा वर केला.

"चंदन, शोभाबाई बाई आहे ना?"

"हाव साहेब."

"मग डावा अंगठा काऊन घेतला? पुरुषाचा डावा, बाईचा उजवा. कितीदा सांगू तुले?"

"तिनं डावाच पुढं केला साहेब. मी काय परक्या बाईचा हात धरू?"

कैलास फिसकन हसला. प्रभाकररावांनी लाल पेनने त्या चौकोनाभोवती गोल केला, बाजूला 'चूक' असं लिहिलं आणि पावती फाइलला लावली. परत आलेल्या वस्तूची इथे एवढीच चौकशी होते. यंत्र चालतं का, हे विचारतात. ते कुठून आलं आणि तिथे काय झालं, हे विचारायला कोणाला सवड असते?

३

मुकेशने ती चालवून पाहिली. पेंढी तोंडाला लावली मात्र, रोलरने ती हातातून ओढून नेली. कचाक, कचाक, कचाक. असा स्वच्छ आवाज त्याने दहा वर्षांत ऐकला नव्हता. बटण बंद केल्यावर चाक नेहमीसारखं सावकाश थांबलं. आणि थांबल्यावर, त्याने हात पुसेपर्यंत, अर्धा फेरा उलटं फिरलं. चाकाचा तोल असेल, असं तो स्वतःशी म्हणाला. तोल असाच असतो का, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ती सोलली. पात्यांसकट चाक एका कुट्टीला, मोटर दुसरीला, रोलर तिसरीला. प्रत्येकावर लाल ठिपका. पहिल्या दोघी पिवळ्या चिठ्ठीने विकायला गेल्या. तिसरी त्याने कामगारांच्या सवलतीत स्वतःच्या घरी नेली, कारण विळ्याने दोन गाईंचा चारा तोडून गोपिकाचं उजवं मनगट संक्रांतीपासून सुजलं होतं. रात्री ती हळद लावून बसायची आणि दुखतंय म्हणून एक शब्द बोलायची नाही. ते न बोलणंच मुकेशला सहन होत नव्हतं.

गोपिका हरखून गेली. तिने कुट्टीला हळदकुंकू लावलं, पेंढी सारली आणि हसत म्हणाली, "अवो, हे तर हातातून हिसकूनच घेते! लय भुकेली दिसते."

मुकेशही हसला. त्या दिवसापासून गोपिका रोज साडेचारला, धारा काढायच्या आधी, कुट्टीवर चारा कापू लागली. तिच्या मनगटाची सूज उतरली.

सोललेल्या कुट्टीचा सांगाडा लाल चिठ्ठी लावून गोडाऊनच्या कोपऱ्यात उभा होता. चार पाय, रिकामं तोंड, बस. आठवड्याभराने कैलासने मुकेशला हाक मारली. सांगाड्याखाली ओंजळभर हिरवा चारा पडला होता. मक्याचा, बारीक एकसारखा कापलेला, रसाने ओला.

"तुनं टाकला का बे?"

"मी कायले टाकू? सांगाड्याले चारू का?"

उंदरांनी आणला असेल, असं मुकेशने ठरवलं. उंदीर एकसारखे तुकडे करत नाहीत हे त्यालाही कळत होतं. त्याने चारा झाडून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत वीज गेलेली होती, पंखे थांबले होते, आणि कोपऱ्यातून आवाज आला. कचाक. कचाक. पाती नसलेल्या, चाक नसलेल्या सांगाड्यातून. मुकेशने कप खाली ठेवला आणि घड्याळ पाहिलं. साडेचार वाजले होते. जवळ जाऊन पाहायची त्याची हिंमत झाली नाही, आणि याची त्याला लाजही वाटली. पत्रा तापून वाजतो, असं त्याने कैलासला सांगितलं. कैलासने मान डोलावली आणि त्या कोपऱ्याकडे पाठ फिरवून बसला.

४

फेब्रुवारीत एका दुपारी चंदनने गाडीतून दोन कुट्ट्या उतरवल्या. पावत्या मुकेशच्या हातात देऊन तो गाडीला टेकून उभा राहिला.

दोन्ही राखेने घासलेल्या होत्या. मुकेशने एकीच्या चाकावरून बोट फिरवलं, तो ठिपका हाताला लागला. लाल. दुसरीच्या मोटरवरही.

पावत्या त्याने हातातच धरल्या. एक देवळीकडची, जयवंता. दुसरी समुद्रपूरच्या अंगाची, अंकिता. दोन्हींवर तेच: चालू आहे. गरज उरली नाही. दोन्हींवर अंगठा डाव्या चौकोनात.

"चंदन!" प्रभाकरराव ओरडलेच. "पुन्हा डावा? दोन बाया, दोन्हीचे डावे?"

चंदन जमिनीकडे बघत राहिला. "मी उजवा मांगतला साहेब. तुम्ही सांगतलं म्हणून मुद्दाम मांगतला. त्या जयवंताबाईनं पदराखालून उजवा भायेर काढलाच नाई. पदर इथून असा," त्याने स्वतःच्या कोपराखाली बोट ठेवलं, "रिकामा होता. तिचा नवरा बाजूले उभा. तो म्हणे, लवकर ने, साडेचार होऊन राह्यले."

"आन् दुसरी?" मुकेशने विचारलं.

"दुसरीनं दार लावलं आन् फटीतून डावा हात काढला."

हमरस्त्यावरून ट्रक गेला, पत्रे थरथरले.

"कुट्टीत हात जातात," प्रभाकरराव शेवटी म्हणाले. "गावागावांत एखादा थोटा असतोच. त्यात नवल काय? लोकं लक्ष नाई देत. चला, चालवून पाहा, चारला गाडी भराची आहे."

हे खरंच होतं, आणि म्हणून मुकेशने ते घट्ट धरून ठेवलं. हात जातात. मुकेशच्या आत्याच्या गावी दोघांचे गेले होते. पण ज्यांचे जातात ते यंत्राला शिव्या देतात, पहारीने फोडतात, विहिरीत ढकलतात. घासून, पुसून, काडीने कोरून कोणी परत पाठवत नाही. आणि चाक एका घरी, मोटर दुसऱ्या घरी, तरी हात दोन्हीकडे? हा हिशेब कुठेच बसत नव्हता. रोलर कुठे आहेत हे त्याला आठवलं तेव्हा त्याने फोन काढला. गोपिकाने उचलला नाही. या वेळी ती वाडीत टमाटे तोडत असणार आणि फोन घरी चार्जिंगला. घड्याळात तीन वाजत होते.

५

"आज नको चालवू, कैलासभाऊ," मुकेश म्हणाला.

"काऊन बे? भेलास का?" कैलास पेंढी उचलत म्हणाला. पण त्याचा आवाजही नेहमीचा नव्हता. "साह्यब बसला आहे डोक्यावर. दोन पेंढ्या कापतो अन् मोकळा होतो. तू बटनापाशी राय."

मुकेश भिंतीवरच्या बटणावर हात ठेवून उभा राहिला. चाकाला लाल ठिपका असलेली कुट्टी सुरू झाली. कैलासने पेंढी लावली. ती आत गेली. दुसरी लावली. ती अर्ध्यावर अडली आणि कैलासने, जसं आयुष्यभर केलं होतं तसं, उजव्या हाताने तिला मागून ढकललं.

"ए," तो म्हणाला. चकित होऊन, रागावूनही नाही. "ए, सोड."

मुकेशने बटण बंद केलं. पंखे फिरत नव्हते. वर दिवा लागलेला नव्हता. वीज कधीच गेली होती, आणि चाक फिरत होतं.

तो धावला. त्याने कैलासला कमरेला मिठी मारून मागे ओढलं. कैलास भक्कम माणूस, दोघांचा जोर लागला, तरी दोघंही इंचाइंचाने पुढे सरकत होते. आत काहीतरी दात लावून नव्हे, पकडून ओढत होतं. मुकेशला कैलासच्या अंगातून ती ओढ जाणवत होती. झटका, मग थोडी ढिलाई, मग झटका. मग आवाज आला. कचाक. तांब्यावर पातं लागल्याचा टिण असा आवाज. कचाक. कैलास आरडलासुद्धा नाही. त्याच्या घशातून नुसती हवा निघाली. आणि एकाएकी ओढ सुटली आणि दोघे उताणे पडले. मुकेशच्या तोंडावर, डोळ्यांत, गरम रक्त उडत होतं. कैलासचा हात मनगटाच्या वर संपला होता.

चाक सावकाश थांबलं. थांबून अर्धा फेरा उलटं फिरलं.

प्रभाकररावांनी धोतराचा सोगा फाडून कैलासचा दंड आवळला. हे त्यांच्या नावावर लिहायलाच हवं. चंदनने गाडी लावली. "हात! हात घ्या संगं, डाक्टर जोडते!" तो ओरडला. मुकेश रक्तात गुडघे टेकून यंत्राखाली चाचपू लागला. खाली कापलेला कडबा पडला होता, लाल झालेला. त्याने तो दोन्ही हातांनी उपसला. चाक हाताने फिरवून पाहिलं, पात्यांच्या मागे पाहिलं, तोंडात बॅटरी मारली.

हात नव्हता. बोट नव्हतं, नख नव्हतं, तांब्याचं वेढंही नव्हतं.

कोपऱ्यातल्या सांगाड्यातून मात्र आवाज आला. बारीक. टिणटिण.

६

गाडी कैलासला घेऊन वर्ध्याकडे गेली आणि मुकेशने मोटरसायकलला किक मारली. चार वाजून दहा मिनिटं. घर चौदा किलोमीटर.

वाटेत त्याने सहा वेळा फोन लावला. वणेच्या पुलावर बैलगाड्या आडव्या होत्या. तो कठड्याला घासत निघाला आणि गाडीवानांच्या शिव्या मागे राहिल्या. रस्ताभर तो स्वतःला सांगत होता की नुसते रोलर आहेत. दोन लोखंडी नळ्या, दाते पाडलेल्या. त्याने स्वतः काढल्या, स्वतः बसवल्या, ठिपके दिले. लोखंडाला भूक नसते. हे त्याने इतक्यांदा म्हटलं की शेवटी शब्दांना अर्थच उरला नाही आणि त्याला रडू फुटलं.

गावात वीज नव्हती. पिठाची चक्की मुकी होती, देवळावरचा भोंगा मुका होता. आणि गल्लीच्या तोंडाशीच त्याला ऐकू आलं. कचाक. कचाक. कचाक.

गाडी तशीच सोडून तो अंगणात धावला. गोपिका कुट्टीपुढे उभी होती. गाई दाव्याला हिसके देत भिंतीला चिकटल्या होत्या. मक्याची हिरवी पेंढी अर्धी आत गेली होती, आणि गोपिकाचा उजवा हात तोंडात होता. तिने मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नवल होतं.

"अवो," ती म्हणाली, "पाहा ना. कोन्हीतरी आतून हात धरून राह्यलं."

मुकेशने पाहिलं. एवढंच पाहिलं: रोलरच्या अलीकडे, पाल्यात, एक हात. बाईचा, हिरव्या बांगड्यांचा, जात्रेत लेकराचं बोट धरावं तसा गोपिकाची बोटं धरलेला. त्याच्या मागे दुसरा. आणि त्या दोघींच्या वर, सुजलेल्या बोटात तांब्याचं वेढं असलेला, पुरुषाचा. मागे अंधार होता आणि अंधारात आणखी हलत होते. मनगटामागे कशालाच काही नव्हतं.

त्याने तिला ओढलं नाही. ओढून काही होत नाही हे तो तासाभरापूर्वी शिकला होता. त्याने आपला उजवा हात तिच्या हाताशेजारून आत घातला, खांद्याचा जोर लावून, आणि बोटं पसरली.

त्या हातांनी गोपिकाला सोडलं.

ती मागे कोसळली. मुकेशच्या तळव्यावर तळवे आले, थंड, ओले, घट्ट. त्यातल्या एकाला त्याने ओळखलं; दहा वर्षं हातोडीची देवघेव केलेला हात होता तो. त्याने क्षणभर सोडायचा प्रयत्न केला असं मुकेशला वाटलं. मग रोलरचे दाते बोटांत बसले. हाडं एकेक करून तडकली, कापसाच्या जळत्या पळाट्यांसारखी, आणि मग पातं आलं. पहिल्यांदा बोटांवर. दुसऱ्यांदा तळव्यावर. तिसऱ्यांदा मनगटावर. तिन्ही वेळा तो शुद्धीवर होता. गोपिका किंचाळत होती आणि त्याचं रक्त मक्याच्या पाल्यावरून खाली गळत होतं. मग यंत्र थांबलं, पोट भरलेल्या माणसासारखं, आणि अर्धा फेरा उलटं फिरलं.

७

मार्च लागला. मुकेश घरी होता. कैलास जगला, पण तो कोणाशी बोलत नाही, असं चंदन फोनवर म्हणाला.

मुकेशला यंत्र फोडता आलं असतं. त्याच्या मोठ्या भावाने पहार उचललीही होती. मुकेशनेच त्याला अडवलं. फोडलं तर भंगारात जाणार, आणि भंगारातून काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एकाचे तीन. सांगाडासुद्धा कापत होता. विहिरीत टाकलं असतं तर त्या विहिरीवर बायका पाणी भरतात.

आणि रोज साडेचारला ती फिरायची. मोटरचा पट्टा काढून ठेवला होता तरी. कचाक, कचाक. पहिल्या आठवड्यात गोपिका कानात बोळे घालून बसली. दुसऱ्या आठवड्यात ती आवाज येताच उठू लागली. हातात नकळत पेंढी घ्यायची आणि अंगणाकडे चालू लागायची. मुकेशने एकदा तिला उंबऱ्यावर धरलं, तेव्हा तिचा उजवा हात पुढे झालेला होता, आणि ती म्हणाली, "कोनी बलावून राह्यलं ना वो." त्या रात्री तो झोपला नाही. सकाळी त्याने कंपनीच्या नंबरावर फोन केला आणि माल परत न्यायला सांगितलं.

गोपिकाने यंत्र राखेने घासलं. दात्यांच्या फटी काडीने कोरल्या. आपलं रक्त दुसऱ्याच्या दारात पाठवू नये, एवढी लाज दोघांना अजून शिल्लक होती.

चंदन चारला आला. त्याने मुकेशच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं नाही. पावती काढून पेन धरून उभा राहिला.

"कारण काय लिवू, भाऊ?"

मुकेशला बोलायचं होतं. लिही की ही हात खाते. लिही की ही विकू नका. मग तो अंगणात उभ्या गोपिकाकडे बघत राहिला. ती दोन्ही हातांनी गाईला पाणी दाखवत होती. दोन्ही हातांनी. सांगितलं तर यंत्र इथेच राहणार, चौकशी होईपर्यंत, साहेब येईपर्यंत, रोज साडेचारला. शोभाबाईनेही असंच कोणाकडे तरी पाहिलं असेल. जयवंताच्या नवऱ्यानेही.

"चालू आहे," तो म्हणाला. "गरज उरली नाही."

चंदनचा पेन थोडा थांबला. मग त्याने लिहिलं. शाईची डबी पुढे केली. मुकेशने डावा अंगठा टेकवला.

"साह्यब खूश होतीन," चंदन हळूच म्हणाला. "पुरुषाचा डावा. या खेपेला बरोबर आहे."

आणि तसंच झालं. प्रभाकररावांनी पावती पाहिली, लाल पेन काढलाच नाही, शिक्का मारला. मुकेशच्या जागी आलेल्या माणसाने आठवड्याने फोन करून विचारलं की असे झकास रोलर कोणी बसवले, आणि ते दुसऱ्या यंत्राला लावले तर चालतील का. मुकेशने फोन ठेवून दिला. नको म्हणाला नाही.

अंगण शांत झालं. गोपिका पुन्हा विळ्याने चारा तोडू लागली, मनगट पुन्हा सुजलं, आणि ती सूज पाहून मुकेशला बरं वाटायचं. नसलेला हात दुखायचा, पण डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं. बोटं अजून आहेत असं वाटेल, म्हणाले होते. होईल सवय.

एप्रिलमधल्या एका दुपारी तो ओट्यावर चहा पीत बसला होता. साडेचार वाजले. त्याच्या नसलेल्या उजव्या तळव्याला आधी पाला लागला, थंड, रसाने ओला. मग पाल्यामागून बोटं आली. लहान, उबदार, कामाने खरबरीत झालेली, बाईची. काचेच्या बांगड्या त्याच्या नसलेल्या मनगटाला लागल्या. ती बोटं क्षणभर नवलाने थबकली.

मुकेशला ती सोडायची होती. त्याने सगळा जीव एकवटून मूठ उघडायचा प्रयत्न केला. बाजूला गोपिका विळा खाली ठेवून त्याच्याकडे बघत होती, कारण त्याचा खांदा मागे, मागे जात होता.

"काय वढून राह्यले वो?" तिने विचारलं.

मूठ उघडली नाही. तो ओढत होता.